बोंबल्याची बॅटरी

आमच्या बंदरात त्याला बोंबल्या म्हणतात. कागदोपत्री नाव बीकन, पण कागद बघायला जातो कोण? पाण्याच्या बाटलीएवढा पिवळा डबा, वर एक दिवा, एक लवचीक एरियल आणि झाकणाखाली बटण. बोट बुडायला लागली की बटण दाबायचं. मग तो आभाळाकडे तोंड करून बोंबलत सुटतो. आपल्याला ऐकू येत नाही, वर उपग्रहांना येतं, आणि त्यांच्याकडून बचाव कार्यालयाला कळतं की अमुक बोट संकटात आहे. मग ते लोक फोन करतात. डब्याची नोंदणी करताना घरच्या माणसाचा जो पहिला नंबर दिलेला असतो, त्यावर. बोट खरंच बाहेर आहे का, आत किती माणसं आहेत, एवढं विचारायला. माझा नवरा गेला त्या दिवशीही त्यांनी असाच फोन केला होता, आणि तो वन्संनी उचलला.

वन्सं म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. त्यांचं सांगतेच पुढे. आधी त्या मेल्या बॅटरीचं सांगू द्या, नाहीतर मी एवढी का करवादते ते कळायचं नाही.

बोंबल्याच्या पोटात बॅटरी असते आणि तिची तारीख डब्यावर छापलेली असते. तारीख उलटली की बदलायची. आता बॅटरी म्हटल्यावर कुणालाही वाटेल, दुकानात जावं, चार सेल आणावेत, घालावेत. छे! डबा आपण उघडायचाच नाही. अधिकृत दुरुस्तीवाल्याकडे द्यायचा. तो उघडणार, कंपनीची बॅटरी घालणार, रबराची कडी नवी बसवणार, पाण्याच्या टाकीत बुडवून बघणार आणि वर नवी तारीख चिकटवणार. आणि बिल असं की माणूस बिचकत विचारतो, बाबा रे, नवाच घेतला तर कितीला पडेल? तर म्हणतो, थोडे जास्त. म्हणजे बटणाला कधी बोट लावलेलं नाही, डबा होता तसा कोरा, आणि दर काही वर्षांनी नव्याच्या भावात जुनाच घरी आणायचा. मोठ्या बोटीवाल्यांना काय फरक पडतो? आमच्यासारख्या दोन माणसांच्या बोटींना ते जिवावर यायचं.

मग बंदराने अक्कल लढवली. वर्षातून एकदा तपासनीस यायचा. लाइफ जॅकेटं बघायचा, आग विझवायचं नळकांडं बघायचा आणि बोंबल्यावरची तारीख बघायचा. ज्याची बॅटरी जिवंत त्याचा बोंबल्या त्या दिवशी पाहुणा. तपासनीस एका बोटीच्या इंजिनात वाकला की मागच्या मागे बर्फाच्या खोक्यात घालून डबा पुढच्या बोटीवर. डब्यावर बोटीचं नाव असतं, त्यावर चिकटपट्टी. "बोंबल्या आज कुणाकडे मुक्कामाला?" असं धक्क्यावर उघडउघड विचारायचे आणि हसायचे. तपासनिसाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. तोच ओरखडा असलेला तोच डबा त्याने प्रत्येक बोटीवर पाहिला असणार. पण त्यालाही वेळेवर घरी जायचं असायचं.

आमचा डबा कधीचाच मेला होता. वन्संच्या घरचा मात्र जिवंत, आणि तो वन्संमुळे. वन्संच्या तोंडी लागायची धक्क्यावर कुणाची टाप नव्हती. त्यांचे यजमान मवाळ माणूस. सगळं बंदर त्यांना भाऊजी म्हणतं, मीही म्हणते. तारीख उलटायच्या आत वन्सं त्यांना दुरुस्तीवाल्याकडे पिटाळायच्या, आणि येता-जाता माझ्या नवऱ्याला फैलावर घ्यायच्या.

"नवा मोबाईल घ्यायला आहेत, इंजिनाला चकाचक रंग द्यायला आहेत, आणि जीव वाचवायच्या डब्याला तेवढे नाहीत?"

"अगं ताई, मी बुडालो तर तू फक्त किनाऱ्यावरून ओरड. बोट घाबरून आपली आपण वर येईल."

"काढ दात. बॅटरी बदलेपर्यंत माझ्या घरात पाणीसुद्धा मिळायचं नाही तुला."

असं म्हणून त्याच हाताने त्याला जेवायला वाढायच्या. तोही पोटभर जेवायचा, पुढच्या महिन्यात बदलतो म्हणायचा. तो महिना कधी आला नाही. तो कंजूष होता असं नाही हो. ते पैसे हातात आले की त्याला आधी फाटकं जाळं दिसायचं, मग माझी चप्पल दिसायची, आणि बोंबल्या बिचारा मागे राहायचा.

त्या वर्षी तपासणीला आमच्या बोटीवर भाऊजींचा बोंबल्या आला. वन्संच्या अपरोक्ष, हे काय सांगायला हवं? कळतं तर त्यांनी दोघांची सालटी काढली असती. तपासणी पार पडली. भाऊजींची बोट तेव्हा रंगकामाला यार्डात वर काढलेली होती, लाकडी टेकूंवर. भाऊजी म्हणाले, "राहू दे तुझ्याकडेच. माझी काही इतक्यात पाण्यात उतरत नाही. टेकूवर बसून बोंबल्या काय करणार?" चांगल्या मनाने म्हणाले. मला हे सगळं मागाहून कळलं. तेव्हा मला इतकंच ठाऊक की नवरा शीळ घालत घरी आला आणि म्हणाला, सुटलो एकदाचे.

मी मासळीच्या कारखान्यात काम करते, पॅकिंगला, थंड खोलीत. हातात रबरी मोजे, अंगात जाड कोट, मोबाईल बाहेर कपाटात कुलूपबंद. त्या सकाळी मी कामावर गेले, आणि नवरा आणि घुम्या बोट घेऊन बाहेर गेले. घुम्या म्हणजे त्याचा जोडीदार खलाशी. दिवसात चार शब्द बोलला तर आम्ही म्हणायचो, आज घुम्याला वाचा फुटली. भाऊजी रंग आणायला दुसऱ्या गावी गेले होते. वन्सं घरी ओटा पुसत होत्या. फोन वाजला.

"तुमच्या बोटीचा बीकन चालू झालाय. बोट समुद्रात आहे का?" पलीकडे कुणी मुलगी होती.

वन्संच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून यार्ड दिसतं. बोट टेकूंवर उभी, रंगारी शिडीवर.

"छे हो, बोट माझ्या डोळ्यांसमोर आहे. रंग चाललाय तिला."

"नक्की ना?"

"नक्की म्हणजे? मी आंधळी आहे का?"

ती मुलगी म्हणाली, मग रंगकामात धक्का लागून चालू झाला असेल, असं नेहमी होतं, सापडला की बंद करा आणि आम्हाला कळवा. वन्सं हो म्हणाल्या. त्यांनी खिडकीतूनच रंगाऱ्याला हाक मारली. रंगारी आत डोकावून म्हणाला, डब्याच्या खोबणीत डबाच नाहीये, मालकांनी घरी नेला असेल. मग वन्संनी घर पालथं घातलं. माळा बघितला, पलंगाखाली बघितलं, शेडमधल्या जाळ्यांचे ढीग उपसले. भाऊजींचा फोन लागेना. शोधत होत्या आणि भाऊजींच्या नावाने बोटं मोडत होत्या.

कुणी म्हणेल, एवढा महागाचा डबा, त्याने जागा नाही सांगितली? डबा जुना होता. आपण कोण ते तो लगेच सांगतो, आपण कुठे ते उपग्रह फेऱ्या मारून मारून काढतात. त्याला वेळ लागतो. आणि एकदा खोटी हाक म्हणून बाजूला सारलेल्या गोष्टीकडे कोण वळून बघतं? घरच्या बाईनेच सांगितलं, बोट समोर आहे. संपलं.

दुपारी भाऊजी आले. हातातले रंगाचे डबे अजून खाली टेकले नव्हते, तोच वन्संनी तोंडाचा पट्टा सोडला. "कुठे दडवलात तो बोंबल्या? सकाळपासून जीव खाल्लाय माझा. ऑफिसातून फोन काय येतात..."

भाऊजींच्या तोंडून फक्त माझ्या नवऱ्याचं नाव निघालं.

मग सगळे धावले. बचाव बोट गेली, तोवर उपग्रहांनीही जागा काढली होती. उपड्या झालेल्या बोटीला धरून घुम्या होता. माझा नवरा शेजारीच पाण्यात होता. बोंबल्या दोरीने मनगटाला बांधलेला आणि त्याचा दिवा लुकलुकत होता. बॅटरी अस्सल, कडी नवी, थेंबभर पाणी आत गेलेलं नव्हतं. बॅटरी पुरली. माझा माणूस पुरला नाही.

मला कुणाकुणाचा राग आला म्हणून सांगू! भाऊजींचा आला, त्यांच्या चांगुलपणाचा आला. तपासनिसाचा आला. त्या फोनवरच्या मुलीचा आला. बॅटरीला सोन्याचा भाव लावणाऱ्या कंपनीचा आला. नवऱ्याचा तर इतका आला की तो समोर असता तर मी त्याला बदडलं असतं. बहिणीचा ओरडा चुकवायला गेलास ना रे, घे आता! आणि वन्संचा आला. तो सगळ्यात जास्त आला, कारण त्या समोर असायच्या.

घुम्या इस्पितळात होता तेव्हा मी त्याच्याजवळ बसले होते. तो छताकडे बघत बोलला. एका दमात इतकं बोलताना मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"वहिनी, दोरखंड बोटीखालच्या पंख्यात अडकला, लाट आडवी आली, बोट पालटली. त्याने बटण लगेच दाबलं. मला धीर देत होता. म्हणे, घाबरतोस काय, फोन ताईकडे जाणार. ताई आधी मला शिव्या देईल, मग भाऊजींना देईल, आणि मग घर डोक्यावर घेईल. तिने घर डोक्यावर घेतलं की आलेच समज ते लोक. हसत होता हो. मग गारठला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा म्हणाला, एवढा वेळ का लावतेय ही? मग बोलायचा थांबला."

मी घुम्याला म्हटलं, "हे पुन्हा कुणाला सांगायचं नाही." कुणाला म्हणजे कुणाला ते त्याला बरोबर कळलं. त्याने मान हलवली.

कारण वन्सं एवढ्याच एका गोष्टीला धरून जगत होत्या. तो लगेच गेला असेल, तर त्यांच्या त्या उत्तराने काही बिघडलं नव्हतं. तो लगेच गेला नसेल, तर मग त्यांनीच त्याला पाण्यात ठेवला होता. मी कामावरून आले की त्या यायच्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसायच्या आणि इकडचं तिकडचं बोलत तिथेच यायच्या.

"घुम्या काही बोलला का गं?"

"तो कधी बोलतो का?"

"नाही, म्हणजे... लगेच गेला ना तो?"

"लगेच."

"म्हणजे फोन आला तेव्हा..."

"तेव्हा सगळं संपलं होतं, वन्सं. तुम्ही काहीही म्हणाला असतात तरी."

हे बोलताना मी त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासायची. घासलेलीच परत घासायची. कधीकधी मात्र घशाशी यायचं. हातातलं पातेलं आपटावं आणि गर्रकन वळून म्हणावं, हो, आंधळ्याच होतात तुम्ही! खिडकीतून रिकामी बोट तेवढी दिसली, एकदा, फक्त एकदा भावाला फोन करून बघावंसं वाटलं नाही? एक वाक्य बोलले असते तर त्या तिथल्या तिथे संपल्या असत्या. ते वाक्य रोज माझ्या तोंडात यायचं आणि रोज मी ते गिळायची. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तो त्या बाईच्या हातचं जेवून मोठा झाला होता, एवढंच.

आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. ज्या बाईचा आवाज धक्क्याच्या टोकापर्यंत जायचा, ती आता दुकानात उरलेले सुटे पैसे मागायलाही घाबरायची. मोबाईल सदा मुठीत. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत उचलायच्या. कर्ज हवंय का विचारणाऱ्या परक्या पोरांनासुद्धा म्हणायच्या, "थांबा हं, मी नीट बघून सांगते." ती पोरं गोंधळून फोन ठेवायची.

मग घुम्या एके दिवशी दारात उभा राहिला. म्हणाला, "परत जातोय. मावसभावाच्या बोटीवर." मी विचारलं, बोंबल्या आहे का तिच्यावर? त्याने खांदे उडवले. माझं डोकंच फिरलं. "घुम्या, तुला लाज नाही वाटत? इथेच थांब," म्हटलं आणि माळ्यावर चढले. आमचा मेलेला बोंबल्या नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून ठेवलेला होता. त्याला धूळ लागू नये म्हणून. बॅटरी घालायची नाही, पण धूळ लागू द्यायची नाही. असा होता माझा नवरा. तो सदरा तोंडाला लावून मी वरच बसून राहिले, तेव्हा खालून घुम्याने हाक मारली.

बोंबल्या मी घुम्यासाठी दुरुस्तीवाल्याकडे टाकला. तो तयार झाल्याचा निरोप आला त्या दिवशी वन्सं बसलेल्याच होत्या. म्हणाल्या, मी येते तुझ्याबरोबर.

दुरुस्तीवाल्याचं दुकान अरुंद, दोन स्टुलं ठेवली की भरलं. मागे काचेची टाकी, टेबलावर उघडून पडलेले दोन-तीन डबे, रबराच्या कड्या खिळ्याला अडकवलेल्या. त्याने बिल पुढे केलं. मी एकवार बघितलं आणि माझे डोळेच भरले. एवढ्याचसाठी? एवढ्याचसाठी तो बर्फाच्या खोक्यातून डबे लपवत हिंडला? पगारातले राखून ठेवलेले पैसे मी त्याच्या टेबलावर ठेवले.

"हे बघा, चाचणी," म्हणत त्याने बटण क्षणभर दाबून धरलं. दिवा एकदा चमकला.

वन्सं पुढे वाकल्या. "हा किती वेळ ओरडतो?"

"दोन दिवस, बाई. आरामात. तोवर कुणी ना कुणी येतंच की."

बिचाऱ्याला काय माहीत! त्याने नोंदणीचा कागद ओढला. घुम्याच्या मावसभावाच्या बोटीचं नाव मी सांगितलं.

"पहिला नंबर?"

"यांचा लिहा," मी वन्संकडे बोट केलं.

वन्सं स्टुलावरून उठल्याच. "माझा नको. वेड लागलंय का तुला? मी काय उत्तर दिलं होतं माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग?"

"मग काय मग? मी थंड खोलीत असते. घुम्याला जमिनीवर आगापिछा नाही. आणि या अख्ख्या बंदरात पहिल्या घंटेला फोन उचलणारी तुमच्याशिवाय दुसरी कोण उरलीये?"

दुरुस्तीवाला एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. वन्संनी पिशवीचे बंद मुठीत आवळले.

"मग आधी मला खरं सांग," त्या म्हणाल्या. "आज तुझ्या हातात भांडी नाहीत. माझ्याकडे बघून सांग. तो माझी वाट बघत होता ना?"

मी तोंड उघडलं ते नाही म्हणायलाच. सवयच झाली होती. पण त्या इतक्या जवळ उभ्या होत्या, आणि डोळे अगदी त्याच्यासारखे, तपकिरी, जरा बाहेर आलेले. त्या डोळ्यांत बघून खोटं बोलायला मला कधीच जमलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

"बराच वेळ?"

"बराच वेळ."

"काय म्हणत होता?"

"म्हणत होता, फोन ताईकडे जाणार. ताई आधी मला शिव्या देईल, मग भाऊजींना देईल, आणि मग घर डोक्यावर घेईल."

त्याचं शेवटचं वाक्य मी ठेवून घेतलं. ते माझ्याबरोबरच जाईल.

वन्सं मटकन खाली बसल्या. मग त्या समोरच्या पिवळ्या डब्याला दोन्ही हातांनी धरून त्याच्याशीच बोलायला लागल्या, तो आत बसलेला असावा तसं. "घेतलं असतं रे, राजा. घेतलं असतं घर डोक्यावर. अख्खं बंदर घेतलं असतं. मला नुसतं सांगायचं होतंस. शिव्याच दिल्या असत्या ना मी? दुसरं काय केलं असतं?"

मीही त्यांच्या पाठीवर डोकं टेकून रडले. इतक्या महिन्यांत आम्ही दोघी एकत्र अशा रडलोच नव्हतो. दुरुस्तीवाल्याने टेबलावरचं उगाच आवरल्यासारखं केलं आणि हळूच म्हणाला, "बाई, नंतर कधी आलात तरी चालेल."

"नाही," वन्सं म्हणाल्या. "आत्ता लिही."

आणि नाक पुसत, मध्येच थांबत त्यांनी त्याला एकेक आकडा सांगितला. सगळे सांगून झाल्यावर त्याच्याकडून नंबर मोठ्याने परत वाचून घेतला.